मेश्रामजींची हनुवटी

तो नकाशा मी काढला होता.

वैनगंगेच्या एका वळणाचा, तिथल्या अर्जुनाच्या झाडाचा, त्या झाडाच्या मुळांखाली असलेल्या बिळाचा आणि बिळाकडे उतरणाऱ्या पायवाटेचा. ट्रेसिंगच्या कापडावर, काळ्या शाईनं, उत्तर दिशेचा बाण दाखवून. चांगला काढला होता. नोकरीत मी शेकडो नकाशे काढले, पण तेवढ्या मनापासून काढलेला दुसरा आठवत नाही. तो नकाशा हातात धरून माणसं तिथवर गेली आणि त्यांनी सात पाणमांजरं मारली. दोष मेश्रामजींवर आला. मी तो येऊ दिला. मेश्रामजींनी मला एकदाच, खरं काय ते सांग म्हणून विनवलं, तेव्हा मी खोटं बोललो.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे मेश्रामजींबद्दल जे लिहिणार आहे ते प्रेमानं लिहिणार आहे, आणि ते वाचून कुणी माझ्याबद्दल बरं मत करून घेऊ नये.

राज्यांची नवी आखणी झाली, आमच्या ऑफिसातले कागद नागपूरऐवजी भोपाळला जाऊ लागले, त्यानंतर दीड-दोन वर्षांनी मी बालाघाटला ट्रेसर म्हणून लागलो. इंजिनियर लोक पेन्सिलीनं नकाशे काढायचे, मी ते कापडावर शाईनं उतरवायचो. मेश्रामजी त्याच ऑफिसात गेज-रीडर होते. नदीकाठी फूट आणि इंच रंगवलेला खांब असतो. रोज सकाळी आठला त्यावरून पाणी किती आहे ते वाचायचं आणि रजिस्टरात लिहायचं, पावसाळ्यात तासातासाला वाचायचं, एवढंच त्यांचं काम. एवढंच, असं आम्ही ऑफिसातले लोक म्हणायचो.

उंच, वाळके, सावळे. धोतर, वर खाकी कोट, आणि बारा महिने हातात छत्री. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, आणि पंचशीलातलं पहिलं शील त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं होतं, असं त्यांची बायकोच सांगायची. "कोंबडीचं सोडा," ती म्हणायची, "घरात ढेकूण झाले तं खाट उन्हात ठेवून म्हणतेत, जा बाबा, आता दुसरीकडं पाहा."

पाणी वाचायची त्यांची एक पद्धत होती. खांबापाशी गेले की छत्री बाजूला ठेवायचे, धोतर खोचायचे आणि चिखल असो की गोटे असोत, गुडघ्यांवर बसून डोळा पाण्याच्या रेषेत आणायचे. उभ्यानं कधी वाचलं नाही. मी एकदा म्हटलं, "मेश्रामजी, इंचभर इकडंतिकडं झालं तर कोण पाहतं?"

"पानी खोटं बोलत नाही गा, वसंता," ते म्हणाले. "वाचनारा बोलते. उभा राहून वाचते ना, म्हनून."

दुसरी लकब हनुवटीची. मेश्रामजी कधी बोट दाखवत नसत. आमच्याकडे लहानपणी सगळ्यांनाच सांगतात की वेलीवरच्या कोवळ्या काकडीला बोट दाखवू नये, ती सडून गळते. आपण ते मोठेपणी विसरतो. मेश्रामजी विसरले नाहीत. त्यांच्या मते जे जे कोवळं आणि जिवंत, त्या कशालाच बोट दाखवायचं नाही. मग सवयच लागून गेली, आणि ते बसस्टँडसुद्धा हनुवटी पुढे काढून दाखवू लागले. साहेबांनी फाईल मागितली की मेश्रामजी हनुवटीनं कपाट दाखवायचे. हेडक्लार्क बडे बाबू चिडायचे: "हाथ टूट गया क्या, मेश्राम?" मेश्रामजी गंभीरपणे दोन्ही हात पुढे करून दाखवायचे, की नाही, शाबूत आहेत.

पाणमांजरांशी त्यांची ओळख या खांबामुळंच झाली. आमच्याकडे पाणमांजराला ऊद म्हणतात. खांबापासून अर्धा मैल वर नदी वळते तिथं एक जुनं अर्जुनाचं झाड पाण्यावर ओणवलेलं होतं. त्याच्या मुळांखाली उदांचं कुटुंब राहायचं. सकाळी आठच्या सुमाराला ते मासे धरत खाली खांबापर्यंत यायचं, शिट्टीसारखा बारीक आवाज करत, एकामागं एक. मेश्रामजी पाणी वाचायचे आणि ऊदही मोजायचे. रजिस्टरात शेऱ्याचा रकाना असतो. त्यात ते लिहायचे, 'पाणी निवळ. सहा.'

एक नवे इंजिनियर आले. त्यांनी रजिस्टर उघडून विचारलं, "ये छह क्या है, मेश्राम? पानी तो चार फुट पर है."

"पानी चार ही है, साहब. छह तो ऊद हैं."

"सरकारी रजिस्टर में ऊद?"

"नदी में रहते हैं ना, साहब. और रजिस्टर नदी का है."

साहेबांनी सही करून टाकली. तेव्हापासून ते शेरे कायमचे झाले.

पण नदीकाठच्या मासेमार ढिवरांना हे कौतुक परवडणारं नव्हतं. ऊद जाळ्यात शिरतो, मासा खातो आणि बाहेर पडताना जाळं फाडतो. काठावर भागाबाई नावाची एक विधवा बाई होती. स्वतः डोंगा चालवायची, सासरा म्हातारा झालेला, दोन पुतण्यांना हाताशी घेऊन मासेमारी करायची. तिच्या तोंडाला सगळा घाट भ्यायचा. तिला कळलं की गेजबाबू उदांवर माया करतात. एका रविवारी ती फाटकं जाळं घेऊन आली आणि खांबाजवळच्या त्यांच्या झोपडीपुढं टाकलं.

"घ्या, गेजबाबू. तुमच्या पोरायनं फाडलं. तुम्हीच शिवा."

तिला भांडायचं होतं. मेश्रामजी खाली बसले, जाळ्याचं भोक दोन्ही हातांनी पसरून पाहिलं आणि म्हणाले, "शिकवान काय?"

भागाबाईचा आवाज खाली आला. "तुमच्या हातचं जाळं माहा सासरा पान्यात टाकन काय, जी?"

हे ती हळू बोलली, पण बोलली. दीक्षा घेऊन दोन-तीन वर्षं झाली तरी घाट जुनाच होता. मेश्रामजी हसले. "सासऱ्याले नोको ईचारू. पान्याले ईचारून पाहा."

तिनं शिकवलं. बांबूची चपटी सुई, तिच्यावर गुंडाळलेला दोरा, बोटाच्या मापानं टाकायची गाठ. मेश्रामजींनी शिवलेल्या जागेतून मासा सुटला नाही, आणि म्हातारा चार दिवस कुरकुरून गप्प झाला. मग करार ठरला. उदानं पाडलेलं एक भोक म्हणजे मेश्रामजींचा एक रविवार. त्या बदल्यात ढिवरांनी उदाला हात लावायचा नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. ढिवरांनी तो पाळला, कारण मेश्रामजी दर रविवारी दुपारी येऊन बसायचे. तापात कांबळं पांघरून आलेलेही मी पाहिलेत.

भोकं वाढली तसा एक माणूस पुरेना. मग सरकारी दवाखान्यातले बिसेन कंपाउंडर येऊ लागले, आणि त्यांच्या मागं मी. बिसेन आडव्या अंगाचे, तोंडाळ. "दिवसभर मानसं शिवतो," ते म्हणायचे, "रविवारी जाळे. फरक एवढाच, जाळे बोंबलत नाही." मी मात्र माझ्या नाजूक कामाच्या बोटांमुळं गाठी बारीक टाकायचो. भागाबाई मला नकशेबाबू म्हणायची. "नकशेबाबूची गाठ पाहा," पुतण्यांना सांगायची, "नाहीतर तुमची. बैल बांधाची गाठ." मला ते फार आवडायचं. ऑफिसात माझ्या कामाला कुणी काही म्हणत नसे. नकाशा मी रंगवायचो, कोपऱ्यात सही इंजिनियरची असायची.

संक्रांतीच्या आसपास उदांची पिल्लं पहिल्यांदा बिळाबाहेर यायची. त्या रविवारी आम्ही त्यांचं बारसं करायचो. ही भागाबाईची कल्पना. ती हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवून आणायची, आम्ही समोरच्या काठावर झुडपाआड ओळीनं बसायचो. आई एकेका पिल्लाला मानगुटीला धरून पाण्यात सोडायची, ते ओरडत परत मुळांवर चढायचं. पिल्लू दिसलं की मेश्रामजी हनुवटी पुढं काढायचे, की सगळ्यांच्या हनुवट्या तिकडं. मग नाव ठेवायचं, तेही पिल्लाकडं तोंड करून नाही, पाण्याकडं पाहून. एका वर्षी एक पिल्लू खाऊन झालं की खडकावर उताणं पडून झोपायचं. बिसेननं त्याचं नाव 'बडे बाबू' ठेवलं. भागाबाई पदर तोंडात कोंबून इतकी हसली की ऊदच बिळात पळाले, आणि मेश्रामजी तिच्यावर तेवढे एकदाच रागावलेले मला आठवतात.

नियम एकच होता. ती जागा आमच्या पाच-सात जणांबाहेर कुणाला सांगायची नाही. नदीत दिसतील तेवढे ऊद कुणीही पाहावेत. बीळ नाही.

पाच-सहा वर्षं असं चाललं. मग तो पाहुणा आला.

छोट्या रेल्वेगाडीनं गोंदियाहून आला आणि विश्रामगृहात उतरला. मध्यम वयाचा, स्वच्छ कपड्यांचा, मऊ बोलणारा माणूस. नद्यांमधल्या प्राण्यांवर पुस्तक लिहितो आहे म्हणाला. उदांचं नाव त्यानं आमच्या ऑफिसातच ऐकलं, कारण रजिस्टरातले शेरे हा तोवर सगळ्यांचा विनोद झाला होता. मेश्रामजींनी त्याला खांबापाशी नेऊन सकाळचे ऊद दाखवले आणि घरी जेवायला बोलावलं. मीही गेलो. जेवण झाल्यावर पाहुण्यानं विचारलं, "और बिल कहाँ है इनका?"

मेश्रामजी म्हणाले, "वो हम नहीं दिखाते, साहब. अभी बच्चे छोटे हैं. पानी में जितना देखना है, देख लीजिए."

पाहुणा हसून बरं म्हणाला. मी तिथंच, मेश्रामजींच्या शेजारी, चटईवर बसलो होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मी तिथंच होतो.

परत जाताना पाहुण्यानं रस्त्यात माझं काम विचारलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन मी काढलेले नकाशे पाहिले. एकेक कापड उजेडाला धरून पाहिलं. "आपके हाथ में कला है, बाबू. इनमें आपका नाम क्यों नहीं?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, पुस्तकात या नदीचा एक नकाशा हवा, आणि तो तुमच्याच हातचा हवा. "कोने में अपना नाम लिखिएगा."

मी तीन संध्याकाळी बसून नकाशा काढला. नदीचं वळण, वाळूचे पट्टे, खडक, पायवाट. झाडापर्यंत आलो तेव्हा हात थांबला, हे खरं आहे. पण बिळाशिवाय तो नकाशा म्हणजे कुठल्याही नदीचं कुठलंही वळण होतं. मी मनाला सांगितलं की पुस्तक छापून यायला वर्ष लागेल, तोवर पिल्लं मोठी होतील. मग झाडाच्या मुळाशी बारीक ठिपका दिला, शेजारी सुबक अक्षरात 'ऊद-निवास' लिहिलं आणि कोपऱ्यात माझं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

पाहुणा गेला. तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी भागाबाईचा धाकटा पुतण्या धावत ऑफिसात आला आणि मेश्रामजींना घेऊन गेला. मागून मी गेलो, वाटेत दवाखान्यातून बिसेनना घेऊन. झाडाखालच्या वाळूत सात ऊद पडले होते, सोललेले. त्यांत तीन अगदी लहान. बिळाच्या तोंडाशी आणि पायवाटेवर लोखंडी सापळे पुरल्याचे खड्डे होते. कातडी घेऊन माणसं निघून गेली होती. चार लोक होते, परके होते, सरळ त्या पायवाटेनं आले, कुणाला काही विचारलं नाही, असं पलीकडच्या काठावरच्या गुराख्यानं सांगितलं.

सरळ आले. कुणाला विचारलं नाही. वाट माझ्या नकाशानं दाखवली होती.

मेश्रामजींनी भागाबाईकडून एक जुनं जाळं मागून घेतलं, एकेक ऊद त्यात ठेवला आणि झाडापासून लांब, पुराचं पाणी येत नाही अशा जागी खड्डा खणला. बिसेन रडत होते. माती लोटून झाल्यावर भागाबाई उठली.

"ही जागा आपल्याच मानसायले ठाव होती," ती म्हणाली. "तो पाहुना कोनाच्या घरी जेवला, गेजबाबू?"

"माह्या घरी," मेश्रामजी म्हणाले. "पन मी त्याले जागा सांगतली नाही, वो."

म्हातारा सासरा काठीवर वाकून उभा होता. "धर्म बदलला म्हनते," तो कुणाकडंच न पाहता म्हणाला, "मानूस बदलते काय?"

मी तिथं उभा होतो. मी कुणबी घरचा, ऑफिसात खुर्चीवर बसणारा. माझ्यावर कुणाची नजरही गेली नाही. आणि मला त्या क्षणी हायसं वाटलं.

दोन दिवसांनी मेश्रामजींनी मला ऑफिसच्या पायरीवर गाठलं. चेहरा ओढलेला. "वसंता, तू होतास ना गा त्या दिवशी माह्या घरी? मी त्या साहेबाले काय म्हटलं, ते तू ऐकलं. भागाबाईले सांग ना जरा. माहं ते ऐकत नाही, तुहं ऐकन."

मी म्हणालो, "मेश्रामजी, मी तेव्हा पान आणायले बाहेर गेलतो. मले काही ऐकू नाही आलं."

मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. ते काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होते. मग म्हणाले, "हौ काय? मंग माह्याच ध्यानात नसन राह्यलं." आणि छत्री उचलून निघून गेले.

त्या रविवारी ते जाळी शिवायला गेले तेव्हा भागाबाईनं त्यांची बांबूची सुई परत दिली. शिवी दिली नाही, बोललीही नाही. सुई दोरा काढून स्वच्छ पुसलेली होती. बिसेन पुढं आठ-दहा रविवार गेले आणि त्यांनीही सोडलं. मी तर त्यानंतर गेलोच नाही.

त्यानंतरची गोष्ट रजिस्टराची. दर महिन्याला पाण्याचा आलेख काढायला ते माझ्या टेबलावर यायचं. मला प्रत्येक पान वाचावं लागायचं. 'पाणी निवळ. कोणी नाही.' 'पाणी गढूळ. कोणी नाही.' मेश्रामजी निवृत्त होईपर्यंत, सहा वर्षं, एकही दिवस न चुकता. आणि आणखी एक मला दिसलं, इतरांना दिसलं की नाही माहीत नाही. मेश्रामजींनी हनुवटी दाखवणं सोडलं. कुणी बडे बाबूंची खोली विचारली तरी ते उठायचे आणि त्या माणसाला दारापर्यंत नेऊन सोडायचे. बाजारात कुणी रस्ता विचारला तर त्याच्याबरोबर चालत जायचे. मला वाटलं, वय झालं.

त्यांच्या निरोपाच्या दिवशी मानपत्र मी लिहिलं, कारण अक्षर माझं चांगलं. त्यांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "अक्षर फार सुंदर हाय गा," ते म्हणाले. "कोपऱ्यात आपलं नाव लिवाचं होतं ना."

त्यांच्या मनात काही नव्हतं. ते नेहमीसारखं कौतुक करत होते. पण मी सभेतून उठून मागच्या व्हरांड्यात गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

तरीही आणखी दोन वर्षं गेली. या काळात मी सांगायला निघालो आणि परतलो असं तीनदा झालं. एकदा तर त्यांच्या गावाकडं जाणाऱ्या लांजीच्या बसमध्ये बसून तिकीट काढून मधेच उतरलो. चौथ्यांदा पोचलो. लांजीच्या अलीकडं त्यांचं गाव, मुलाचं घर, अंगणात खाट. मेश्रामजी बैलांसाठी दोरीचं मुसकं विणत होते. गाठ तीच होती, जाळ्याची. मला पाहून फार खूश झाले. सुनेला चहा सांगितला. चहा आला, आणि मी कप हातात न घेता सगळं सांगितलं. नकाशा, ठिपका, नाव. पायरीवरचं खोटं.

ते विणायचे थांबले.

"नाव बी लिवलंतं?"

"हौ."

"आनि पान आनाले नोता गेला तू."

"नाही. तुमच्या बाजूलेच बसलो होतो. तुम्ही सांगितलं नाही त्याले. मी ऐकलं."

मेश्रामजींनी डोळे मिटले. मग जे बोलले ते मी शब्दशः लिहितो.

"आठ वर्सं झाले, वसंता. मी रोज याद करून राह्यलो का त्या मानसाले मी काय बोललो. तू म्हटलं तुले ऐकू नाही आलं, तं मले वाटलं मी बोललोच नसन, सपनातच बोललो असन. मंग वाटे, तोंडानं नाही सांगतलं, पन त्यानं ईचारलं तवा माही हनुवटी हालली असन. सवय हाय ना माही. तिकडं हालली असन, अन त्यानं पाह्यलं असन. त्या सात जिवायचं मी माह्यावर घेतलं गा. काहून नाही सांगतलं तू?"

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"मले नोको सांगू. माहा राग मी पाहून घेईन, तो दोन दिवसात नाही जात. भागाबाईले सांग. तिनं आठ वर्सं एका मानसाले खोटा समजून काढले. तिचं बी ओझं असते."

"तुम्ही येता काय माझ्यासंगं?"

त्यांनी विचार केला. "येतो. पन वरच थांबन. माह्यासमोर सांगशीन तं मले बरं वाटावं म्हनून सांगशीन."

पुढच्या रविवारी ते लांजीच्या सकाळच्या बसनं आले. तीच छत्री. स्टँडवरून नदीपर्यंत आम्ही चालत गेलो. घाट बदलला होता. नवी घरं झाली होती, ढिवर पूर्वीच्या जागी बसत नव्हते. मी उतरणीवर थांबून विचारलं, "भागाबाई आता कुठं बसते, मेश्रामजी?"

ते थांबले. नदीकडे पाहिलं. मग त्यांची हनुवटी हळूच पुढं आली, आधी थोडी, जणू जमतं की नाही ते पाहत असल्यासारखी, आणि मग पूर्ण, डावीकडं, बाभळीच्या सावलीकडं. तिथं पांढऱ्या केसांची एक बाई जाळं पसरून बसली होती.

ते स्वतः उजवीकडं वळले, खांबाकडं. आता ते काम दुसऱ्या कुणाचं होतं. मी खाली उतरताना एकदा मागं पाहिलं. मेश्रामजींनी छत्री बाजूला ठेवली होती, धोतर खोचलं होतं, आणि ते म्हातारे गुडघे चिखलात टेकवून पाण्याच्या रेषेशी डोळा नेत होते. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. त्या दिवशी ते मला न भेटताच दुपारच्या बसनं परतले, आणि पुढच्या उन्हाळ्यात गेले.

बाभळीखाली भागाबाईनं मान वर केली. डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "नकशेबाबू काय?" दोन्ही पुतणे, आता मिशा आलेले, गाठी टाकायचे थांबले.

मी उभ्यानं बोलणार होतो. मग तिच्यासमोर वाळूत गुडघ्यांवर बसलो.

"भागाबाई, त्या पाहुण्याले नकाशा मी काढून दिला होता. बीळ मी दाखवलं. मेश्रामजीनं काही सांगितलं नव्हतं, हनुवटीसुद्धा हालवली नव्हती. मी तिथं होतो, मले माहीत होतं, आणि मी तुम्हाले सांगितलं नाही. त्याईची चूक नव्हती, माझी होती. मले माफ करा."